तीन हारुका हव्या आहेत

मणेरीकरांना मंगळवारी सकाळी दहा चाळीसला दुसरी मुलगी झाली, आणि बुधवारी ती घरी आली तेव्हा तिच्याकडे जगातलं सगळं काही होतं. पुण्याहून आलेले अकरा स्वेटर होते. सायकलच्या दांडीला लावायची इवलीशी खुर्ची होती. योके नावाची एक उंच, गोरी, कडक बाई होती, कारण नेदरलँड्समध्ये बाळ झालं की आठवडाभर रोज एक नर्स घरी येते आणि बाळाला, मुख्य म्हणजे बाळाच्या आईबापाला, वळण लावते. झालंच तर पंधरा वर्षांची एक मोठी बहीण होती, संहिता, आणि ती एकटीच दहा स्वेटरांइतकी उबदार होती.

नव्हतं ते फक्त नाव.

आता नाव नसणं ही काही अडचण आहे, असं शैलेंद्र मणेरीकरांना अजिबात वाटत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या जन्मदाखल्यावर चौथीपर्यंत नुसतं 'बाळ मणेरीकर' होतं आणि त्यामुळे त्यांचं काही अडलं नव्हतं. शिवाय ते हूफडॉर्पला नऊ वर्षं राहत होते. नगरपालिकेशी त्यांचा कचऱ्याचा डबा, पार्किंग आणि खिडकीसमोरचं एक झाड अशा तीन विषयांवर पत्रव्यवहार झालेला होता. नगरपालिका आपल्याला आतून ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती.

"बाळाचं नाव?" योकेनं फॉर्म पुढे ओढत विचारलं.

"बेबी," शैलेंद्र म्हणाले.

"बेबी?"

"सध्या. नंतर अपडेट करू."

योकेनं पेन खाली ठेवलं. मग तिनं अतिशय सावकाश, बाळाला समजावतात तसं समजावलं की इथे नंतर वगैरे काही नसतं. जन्मापासून तीन दिवसांत वडिलांनी नगरपालिकेत जाऊन मुलाची नोंद करायची, नावासकट. म्हणजे शुक्रवार. शुक्रवारची शेवटची रिकामी वेळ दुपारी साडेतीनची. ती तिनं स्वतःच फोनवरून घेऊन टाकली, कारण एव्हाना तिला शैलेंद्र आतून ठाऊक झाले होते.

शैलेंद्रनी ताबडतोब रायस्वाइकच्या दिलीपकाकांना फोन लावला. दिलीपकाका या देशात सर्वांत आधी आलेले, त्यामुळे इथले कायदे त्यांना विचारायचे अशी प्रथा होती. त्यांनी सांगितलेलं अर्धं खरं निघायचं, पण कुठलं अर्धं ते आधी कळायचं नाही.

"शैल्या, शुक्रवार चुकवू नकोस हं," काका गरजले. "नाव नाही सांगितलंस तर तो अधिकारीच ठेवतो! आमच्या ओळखीत एकाची मुलगी बसल्या जागी योहाना झाली. योहाना गोडबोले! आणि एकदा लागलं की लागलं. बदलायला कोर्टात जावं लागतं."

"पण बारसं बाराव्या दिवशी असतं ना, काका!"

"ते तू त्यांना सांग. डचमध्ये सांग. मलाही ऐकायचंय."

खरी मेख इथेच होती. मणेरीकरांच्या घरात नाव ठेवायचा मान आत्याचा. बाराव्या दिवशी ती पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगणार आणि मग ते जगाला कळणार. आत्या म्हणजे शैलेंद्रची थोरली बहीण, सुचेता. तिचा मुक्काम पुण्याला, बिबवेवाडीत. चौतीस वर्षं शाळेत, त्यातली अकरा मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी समोर चार माणसं दिसली की ती मनातल्या मनात त्यांना उंचीनुसार उभं करते.

बुधवारी दुपारी आत्याला व्हिडिओवर घेतलं, टॅबलेट टेबलावर वरणाच्या पातेल्याला टेकवला आणि परिस्थिती सांगितली.

"तीन दिवसांत?" आत्या म्हणाली. "तीन दिवसांत तर मी साधी रजेची चिठ्ठीसुद्धा मंजूर करत नव्हते."

"ताई, सुचव तरी काहीतरी. नाहीतर माझ्याकडे यादी आहे. बेचाळीस नावं, प्रत्येकाला पाच निकषांवर गुण दिलेत, मी स्क्रीन शेअर करतो…"

"अनन्या कसं वाटतं?" संहिताची आई, मृदुला, मध्येच म्हणाली. शैलेंद्रची यादी तिथेच मिटली आणि पुन्हा कधीच कुणी उघडली नाही.

"अनन्या," आत्यानं डोळे मिटले. "नववी ब. दप्तरात बेडूक."

"मीरा?"

"दोन होत्या. एक रडकी, एक रडवणारी."

"ईशा?"

"सहल सिंहगडावर नेली होती. ही राजगडावर सापडली."

"गार्गी?" संहितानं विचारलं.

आत्यानं चष्मा काढला. "गार्गीनं फळ्यावर माझ्यावर कविता केली होती. चांगली होती. तेच लागलं."

असं तासभर चाललं. चौतीस वर्षांच्या हजेरीपटातून गेलेल्या बाईला मराठीतलं एकही नाव निष्कलंक उरलेलं नव्हतं. शेवटी मृदुला टाके पडलेले असूनही सोफ्यावरच्या उशीवरून अर्धी उठली. "ताई, तुमच्या शाळेत एकही मूल धड नव्हतं का हो?"

"होती की. ढिगानं होती," आत्या म्हणाली. "धड मुलांची नावं लक्षात राहत नाहीत गं."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात शेजारच्या हारुका-सान उभ्या होत्या, दोन्ही हातांत धरलेला खोका पुढे करून, कमरेत वाकून.

हारुका-सान जपानी आहेत ('सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव') आणि पियानो सुरात लावून द्यायचं काम करतात. साठीच्या आहेत, वीस वर्षं एकट्या राहतात आणि मोठ्यानं बोलणं हा त्यांच्या दृष्टीनं वाद्याचा दोष आहे. मंगळवारी सकाळी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा शैलेंद्र गाडी घेऊन डेल्फ्टला मीटिंगला गेलेले. संहितानं भिंतीवर मूठ आपटली. दोन मिनिटांत हारुका-साननी आपली व्हॅन दारात लावली, मागच्या हातोड्या आणि तारांची भेंडोळी बाजूला सारून आईला झोपवलं आणि त्या निघाल्या, ताशी बरोबर पन्नासनं. आई ओरडत होती. हारुका-सान प्रत्येक झेब्रा क्रॉसिंगला थांबत होत्या. एका म्हाताऱ्यांना त्यांनी हातानं 'आधी तुम्ही' असंही केलं. पण आईची किंकाळी जरा वर गेली की त्या शांतपणे म्हणत, "छान सूर आहे. तोच धरून ठेवा." आणि आईनं खरोखरच तो हॉस्पिटलपर्यंत धरून ठेवला.

संहितानं दारातल्या हारुका-सानकडे बघितलं, मग पातेल्याला टेकलेल्या आत्याकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात दिवाळी झाली.

"हारुका!" ती ओरडली. "बाळाचं नाव हारुका!"

इथे संहिताबद्दल एक सांगायला हवं. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ही मुलगी बसच्या ड्रायव्हरला काही विचारायला नको म्हणून एक थांबा पुढे जाऊन चालत परत यायची. मग शाळेत तिला वटवाघळांवर दहा मिनिटं डचमध्ये बोलावं लागलं. ती बोलली. वर्गात कधीच मान वर न करणारा मुलगासुद्धा मान वर करून ऐकत होता आणि शेवटी टाळ्या झाल्या. तेव्हापासून जगात आपल्याला न जमणारी गोष्ट उरलेली नाही, असं तिचं मत झालं होतं. नळ गळला, वायफाय गेलं, इन्शुरन्सचं पत्र आलं, काहीही झालं तरी ती म्हणायची, "मी बघते." त्यातलं बरंचसं नंतर बाबांना बघावं लागायचं, पण सुरुवात झोकात व्हायची.

"हारुका," आत्या पुटपुटली आणि तिनं डोळे मिटले. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्या तुकड्या तिच्या पापण्यांखालून सरकताना दिसत होत्या. पूर्ण एका मिनिटानं तिनं डोळे उघडले. त्यात भीती होती.

"नाही आठवत कुणी."

"झालं तर मग!" संहिता उडी मारून म्हणाली.

"झालं कसं? जपानी नाव म्हणून नाही म्हणत मी. पण एक हारुका चांगली निघाली, उद्या दुसरी कशी निघेल कुणी सांगावं? शितावरून भात कळतो गं, माणूस नाही कळत. मला तीन दाखव. तीन हारुका, वेगवेगळ्या. मी स्वतः बोलणार. मग बघू."

"शुक्रवारच्या आत?" शैलेंद्र खुर्चीत खचले. "ताई, हे हूफडॉर्प आहे!"

"मी बघते," संहिता म्हणाली.

हारुका-सानना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या लाल झाल्या की योकेनं त्यांचीच नाडी बघितली. एका बाळाला आपलं नाव! त्यांनी तीनदा वाकून आभार मानले. मात्र दुसरी हारुका त्यांना ठाऊक नव्हती. "एका खोलीत दोन पियानो ठेवत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

दिलीपकाकांनी अर्थातच सल्ला दिला. "सोप्पंय. आम्स्टलफेनला जा. जपानी लोकांची वस्ती तिथे. त्यांच्या दुकानात उभी राहा आणि हाक मार. जी वळेल ती तुझी."

हा सल्ला ऐकून कुठल्याही शहाण्या माणसानं फोन ठेवला असता. संहितानं वहीत लिहून घेतला.

गुरुवारी शाळा सुटल्या सुटल्या तिनं आम्स्टलफेनची बस पकडली. ड्रायव्हरला कुठे उतरायचं ते विचारलं, दोनदा विचारलं, आणि जपानी किराण्याच्या दुकानात शिरली. तांदळाच्या पोत्यांच्या रांगेत पाच-सहा बायका शांतपणे खरेदी करत होत्या. इतकी शांतता की फ्रीजची घरघर ऐकू यावी. क्षणभर संहिताला वाटलं, एक थांबा पुढे जाऊन परत यावं. मग तिला वटवाघळं आठवली. तिनं पोट आत घेतलं आणि आरोळी ठोकली, "हारुकाऽऽऽ!"

"हाय!"

टोफूचं पाकीट खाली पडलं. नूडल्सच्या फळीमागून पंचविशीची एक मुलगी ताठ उभी राहिली होती, हात सरळ मांड्यांना चिकटवून. तिचं तिलाच हसू आलं. जपानमध्ये शाळेत हजेरी घेतात तेव्हा असंच 'हाय' म्हणायचं, तिनं नंतर सांगितलं, आणि कितीही मोठं झालं तरी कुणी अशी हाक मारली की तोंडातून तेच निघतं.

ही डेल्फ्टची हारुका. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधांवर पीएचडी करत होती, तांदूळ घ्यायला आलेली. संहितानं तिला तिथेच, सोया सॉसच्या बाटल्यांपुढे, बाळ, आत्या, बेडूक आणि नगरपालिका असं सगळं सांगितलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या एक वाजता येते," ती म्हणाली. "आणि ग्रुपवर टाकते. आमच्या जपानी लोकांचा मोठा ग्रुप आहे. तिसरी मिळेल एखादी."

एखादी!

शुक्रवारी शेवटचे तास रिकामे होते म्हणून संहिता साडेबाराला घरी पोचली, तर अंगणाला सायकलींचा गराडा पडलेला. बाबांच्या गाडीपुढे एकीला एक टेकवून इतक्या सायकली लावल्या होत्या की गाडी काढायची तर क्रेन लागली असती. आत जोडे एका सरळ रेषेत लावलेले, टोकं दाराकडे करून. मणेरीकरांच्या घरात चपलांची एवढी शिस्त प्रथमच दिसत होती. आणि जिन्याच्या पायऱ्यांवर पायमोज्यांत, मांडीवर मिठाईचा एकेक खोका घेऊन, पाच हारुका बसलेल्या होत्या. हारुका-सान धरून सहा.

एक डेल्फ्टची. एक रॉटरडॅमची, केक करणारी. एक आजी, पंच्याहत्तर वर्षांच्या, नातवाकडे सुट्टीला आलेल्या. एक नऊ वर्षांची, व्हायोलिनची पेटी घेऊन, सोबत तिची आई. आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, सबंध पायरी व्यापून, लायडनहून आलेले एक ज्यूडोचे शिक्षक.

"हेपण हारुका?" शैलेंद्रनी कुजबुजत विचारलं.

"हाय," शिक्षक म्हणाले आणि जिना हलला.

"ग्रुपवर वाचलं," केकवाली हारुका म्हणाली. "एका बाळाला आपलं नाव मिळणार की नाही ते आज ठरणार. घरी कशी बसणार?"

योकेनं हात कमरेवर ठेवून सूत्रं हाती घेतली. बाळाच्या खोलीत एका वेळी दोघं, दहा मिनिटं, हात कोपरापर्यंत धुऊन. मुलाखती खालच्या खोलीत. तिला मुलाखती कशाच्या ते नीटसं कळलं नव्हतं, पण रांग दिसली की डच माणसाला समाधान वाटतं. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं, सगळं ठीक आहे ना? "बघण्याचा कार्यक्रम आहे," शैलेंद्र मराठीतच म्हणाले आणि आत गेले. माणूस स्वतःच्या घरात पोरका झाला की असाच बोलतो.

बरोबर एक वाजता पातेल्याला टेकलेल्या टॅबलेटवर आत्या अवतरली. जरीची साडी, पुढ्यात वही, हातात पेन. प्रश्न एकच होता. तिच्या इंग्रजीत तो फार भीषण वाटायचा. "शाळेत केलेला एक गुन्हा सांगा. खोटं बोललात तर मला कळतं."

हारुका-सान पहिल्या. त्या इतक्या हळू बोलल्या की संहिताला मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं. "आठवीत असताना बाईंच्या पियानोची एक तार मुद्दाम ढिली केली. रात्रभर झोप नाही आली. पहाटे जाऊन स्वतःच नीट केली. तेव्हापासून तेच करतेय."

आत्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

डेल्फ्टच्या हारुकानं शाळेतला नळ उघडा टाकला होता, तळमजला भरला होता. "म्हणून बांध?" आत्यानं विचारलं. "म्हणून बांध," तिनं मान खाली घालून कबूल केलं. ज्यूडोच्या मास्तरांनी सांगितलं की त्यांचं नाव बहुतेक मुलींचं असतं, त्यावरून एक मुलगा रोज चिडवायचा, त्याला त्यांनी तळ्यात ढकललं. "मग ज्यूडो शिकलो. ढकलायचंच तर नमस्कार करून ढकलावं." केकवालीनं मैत्रिणीचा डबा खाल्ला होता. आजींनी साठ वर्षांपूर्वीचा गुन्हा आठवायला इतका वेळ घेतला की आत्या म्हणाली, "राहू दे, तुमची शिक्षा भोगून झाली." व्हायोलिनवाली चिमुरडी मात्र खरं तेच बोलली. "अजून केला नाही. सोमवारी करणार आहे."

आत्या हसली. चक्क हसली! "गुन्ह्याचाच उद्योग केला या मंडळींनी," ती मराठीत म्हणाली. "माझ्या शाळेत हे कुणाला सुचलं नाही. बेडूकवाली बँकेत आहे आता."

"म्हणजे पास?" संहितानं टेबलाची कड घट्ट धरली.

घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आत्यानं वही मिटली.

"बघू. विचार करून सांगते. उद्या."

"उद्या?" शैलेंद्रचा आवाज फाटला. तीन दिवस त्यांनी सोसलं होतं. यादी सोसली, जिना सोसला, स्वतःच्या दिवाणखान्यात उभं राहणं सोसलं. "ताई, तीन मागितल्यास, सहा आणल्या! आता काय सात समुद्रांतून काढू? योहाना! योहाना मणेरीकर म्हणून वाढेल ही, आणि ते तुझ्यामुळे!"

"आवाज खाली, शैलू."

"मला काही विचारलंय का कुणी? बाप आहे मी तिचा!"

सहा हारुकांना मराठी येत नव्हतं, पण भांडण सगळ्या भाषांत सारखंच ऐकू येतं. सहाही जणांनी नजर पायमोज्यांकडे वळवली. डेल्फ्टची हारुका हळूच आपला खोका गोळा करायला लागली.

एका रात्रीत ही माणसं नावानिशी संहिताच्या घरी आली होती, आणि आता नापास झाल्यासारखी जोडे घालणार होती. तिनं टॅबलेट उचलला, वर बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून टबच्या कडेवर बसली.

"आत्या, तुला आवडल्या नाहीत का गं त्या?"

"आवडल्या की. सगळ्याच गुणी आहेत. तो पैलवानसुद्धा."

"मग?"

पलीकडे बिबवेवाडीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आत्या खिडकीकडे बघत होती. जरीची साडी, अंबाड्याला गजरा. संहिताच्या आत्ता लक्षात आलं की मुलाखत घ्यायला कुणी गजरा माळत नाही.

"आत्या, तुझी व्हिसाची तारीख कधीची मिळाली?"

"एकोणीस एप्रिल."

"आणि बारावा दिवस मार्चमध्येच येतो."

आत्यानं पदर सारखा केला.

"म्हणजे तू सगळी नावं मुद्दाम…"

"मुद्दाम काय! बेडूक खरा होता," आत्या फणकारली. मग तिचा आवाज एकदम साध्या माणसाचा झाला. "तुझ्या वेळी मी पाळण्याशी होते. कानात नाव सांगितलं तर माझं बोट धरलंस. हिच्या वेळी मी कुठे आहे? या पातेल्याला टेकलेली. मानाचं एवढं एकच काम उरलं होतं. आज ते सरकारी कागदावर आलं, मग बाराव्या दिवशी मी हिच्या कानात काय सांगायचं? बातमी?"

संहिता नाक ओढून म्हणाली, "हारुका-सान म्हणाल्या, त्यांच्या नावाचा अर्थ 'खूप लांबवरची'. डेल्फ्टवाली म्हणते तिच्या नावाचा 'वसंताचा वास'. प्रत्येकीचा वेगळाच आहे."

"लांबवरची," आत्या म्हणाली. "म्हणजे माझ्यासारखी."

"मग कागदाच्या आधी सांग ना. आत्ता सांग. कुणाच्याही आधी, बाबांच्याही आधी. पहिली तूच."

"तिसऱ्या दिवशी बारसं? शास्त्र काय म्हणेल?"

"आत्या, तूच म्हणतेस. घंटा झाली की पेपर द्यायचा. लिहून झाला असो नाहीतर नसो."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. फळ्यावरच्या कवितेकडे बघितलं असेल तसंच बहुधा. मग गजरा नीट केला. "किती वाजले?"

"दोन सत्तेचाळीस."

"मग बसलीस काय अशी? पाळणा कुठाय?"

पाळणा नव्हता. गाडीत लावायची बाळाची खुर्ची जेवणाच्या टेबलावर ठेवून तिच्यावर आईची पैठणी पसरली. घुगऱ्यांना हरभरे भिजवायला वेळ नव्हता. इथे मुलगी झाली की कडक टोस्टवर गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या घालून वाटतात, ते योकेनं सकाळीच ताटभर करून ठेवले होते. त्याच घुगऱ्या. बाळाच्या आधी पाळण्यातून फिरवायला वरवंटा लागतो, तर आईनं वरून ओरडून सांगितलं, लाटणं घ्या. लाटणं ज्यूडोच्या मास्तरांनी दोन्ही हातांत घेतलं, त्याला वाकून नमस्कार केला आणि इतक्या हळुवारपणे फिरवलं की योकेला हुंदका आला. दहा मिनिटं आणि दोघं, हा नियम तिनं स्वतःच रद्द केला. आई जिन्याचा कठडा धरत खाली आली. सहाही हारुका टेबलाभोवती उभ्या राहिल्या, उंचीनुसार, कुणीही न सांगता.

संहितानं आवाज अगदी बारीक केला आणि टॅबलेट बाळाच्या उजव्या कानाशी धरला.

आत्या काहीतरी बोलली. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. बाळानं डोळे उघडले, मूठ हवेत फिरवली आणि टॅबलेटचं कव्हर पकडलं.

"धरलं!" संहिता किंचाळली. "आत्या, तिनं तुला धरलं!"

"कुर्र्र्र!" करून आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. धपाटे शैलेंद्रनी टॅबलेटच्या पाठीवर घातले, जरा जास्तच जोरात, तीन दिवसांचे.

तीन वाजून सहा मिनिटं. गाडीपुढे सायकली. "व्हॅन," हारुका-सान म्हणाल्या.

शैलेंद्र आणि संहिता पियानोच्या तारांच्या भेंडोळ्यांवर बसले आणि ताशी बरोबर पन्नासनं निघाले. प्रत्येक झेब्रा क्रॉसिंगला थांबले. एक बदकीण आपली पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती, तिलाही 'आधी तुम्ही' झालं. शैलेंद्रच्या तोंडून एक आवाज निघाला. "छान सूर आहे," हारुका-सान म्हणाल्या.

तीन एकोणतीसला ते खिडकीपुढे उभे होते. संहितानं ग्रुप कॉल लावला होता. एका चौकोनात आत्या, एका चौकोनात घर.

"नाव?" अधिकारी बाईंनी विचारलं.

संहितानं फोन पुढे केला. बाईंनी मान हलवली. "वडिलांनी सांगायचं. तुम्ही सांगा. काय ठेवलंत तुम्ही?"

शैलेंद्र जागीच थिजले. तीन दिवसांत योकेनंतर त्यांना हा प्रश्न विचारणारी ही पहिली व्यक्ती, आणि त्यांना उत्तर माहीत नव्हतं. नाव अजूनही जगात दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली एक तीन दिवसांची.

"शैलू," आत्या म्हणाली, "फोन कानाला लाव."

त्यांनी लावला. आपल्या मोठ्या बहिणीकडून ते काहीतरी ऐकत राहिले, नावाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ. त्यांचा चष्मा धुरकट झाला. मग त्यांनी फोन खाली घेतला, घसा खाकरला आणि सबंध हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "हारुका. हारुका मणेरीकर."

बाईंनी टाइप केलं. प्रिंटर घरघरला. संहितानं दाखला दोन्ही हातांत धरून फोनच्या कॅमेऱ्यासमोर नाचवला.

"हलवू नकोस, दिसत नाही," आत्या म्हणाली. तिनं दाखला वाचला, वरपासून खालपर्यंत वाचला. "ठीक. आता हजेरी. सगळ्यांनी शांत." तिच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"हारुका शैलेंद्र मणेरीकर!"

"हाय!" घराच्या चौकोनातून पाच जण एका सुरात ओरडले, आणि संहिताच्या शेजारी हारुका-सान, ज्यांचा आवाज वीस वर्षांत भिंतीपलीकडे कुणी ऐकला नव्हता, हॉल दणाणेल अशा ओरडल्या, "हाय!"

"एकीला हाक मारली तर सहा हजर?" आत्या कडाडली. "जिचं नाव घेतलंय, तिनंच बोलायचं!"

अधिकारी बाईंनीही टायपिंग थांबवलं. मग घराच्या चौकोनातून, पैठणीखालून कुठूनतरी, एक बारीक, रागीट, शिंकेएवढा आवाज आला.

"हं," आत्या म्हणाली आणि पेनचं टोपण काढलं.